फोकसवाली

केनवड, ४ फेब्रुवारी, रविवार

आज कामाचा पहिला दिवस संपला आणि मला अजून घरी पाठवलेलं नाही. एवढीच आजची चांगली गोष्ट.

वाशीमहून निघताना बाबांनी दुकानातली कापड मोजायची पिवळी टेप माझ्या पिशवीत टाकली. मी म्हटलं, तिथे लांब लोखंडी टेप आहे. ते म्हणाले, "राहू दे. वळखीची बरी." लहानपणी मला छातीचं दुखणं होतं, म्हणून मी शाळेत उशिरा गेले. तोवर बाबांच्या शिलाई मशीनजवळ बसून शिकले. आकडे या टेपवर शिकले. दोन नियमही तिथलेच. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, आणि मोठ्यांचा शब्द तोडायचा नाही.

मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, संघपाल. कॅनडात सिनेमॅटोग्राफर आहेत. त्यांनी आजवर दुसऱ्यांच्या फिल्म चित्रित केल्या. आता पहिल्यांदा स्वतःची करताहेत, या गावावर आणि लिलाबाईआत्यावर. पैसा मुंबईच्या एका कंपनीचा आहे. कंपनीचे वीरेंद्र सर आवाज रेकॉर्ड करतात आणि आमच्यावर लक्षही ठेवतात.

माझं काम फोकसचं. लेन्सपासून माणसाच्या डोळ्यापर्यंतचं अंतर मोजायचं, आणि माणूस हलला की लेन्सला जोडलेली फोकसची चकती तेवढीच फिरवायची. चुकलं तर माणूस धूसर आणि मागची भिंत स्वच्छ. वाशीमच्या स्टुडिओत मी लग्नांचं शूटिंग करायचे, तिथे कॅमेराच फोकस धरायचा. मोठ्या बाबांच्या लेन्स जुन्या आहेत, सगळं हातानं. उन्हात छोट्या स्क्रीनवर चूक दिसत नाही. संध्याकाळी मोठ्या स्क्रीनवर लावलं की दिसते, पण तोवर माणसं घरी गेलेली असतात.

मोठे बाबा माझ्याशी बोलताना तोंडाकडे बघत नाहीत. कानाकडे बघतात. मी दोनदा कानातलं चाचपलं. मग समजलं की त्यांना मी आवडलेली नाही. बाबांच्या शब्दाखातर घेतलं असणार.

५ फेब्रुवारी

आज दिवसभर परीक्षा. ते कॅमेऱ्याला डोळा लावतात आणि विचारतात, "काय दिसून राह्यलं तुले?"

मी सांगते. बाज, बाजेवर गोधडी, भिंतीला बाबासाहेबांचा फोटो.

"फोटोवर ऊन हाय का सावली?"

अर्धं अर्धं.

"डाव्या कोपऱ्यात?"

डाव्या कोपऱ्यात मी बघितलं नव्हतं. तिथे आत्याची चप्पल होती. आता प्रत्येक वेळी चारही कडा बघून ठेवते.

ते वाशीमला अजून बाशीम म्हणतात. त्यांची बोली आत्यासारखी आहे, आमच्यापेक्षा जुनी. इतकी वर्षं परदेशात राहून ती तशीच राहिली, लोणच्यासारखी.

आत्या त्यांच्याशी बोलत नाही. ते तिच्याच घरी राहतात, तिच्याच हातचं जेवतात, पण दोघांच्या मध्ये मी. "विचार त्याले, भाकर पायजे का पोळी." ते हातभर अंतरावर बसलेले. "सांग तिले, भाकर." आज हसू आलं, पण दाबलं. कारण आईकडून माहीत आहे. आजी वारली तेव्हा मोठे बाबा आले नाहीत.

दुरुस्ती. काल लिहिलं की वीरेंद्र सर आमच्यावर लक्ष ठेवतात. हे मी मोजलेलं नाही, नुसतं वाटलं.

७ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी ऊन डोक्यावर होतं म्हणून काम थांबवलं. मोठ्या बाबांनी एक काळी थैली काढली. तिला हात घालायला दोन बाह्या आहेत. आत एक रिकामा डबा आणि कॅमेऱ्यात भरायची जुनी फिल्म, उजेड लागला की खराब होणारी. म्हणाले, हात घाल आणि न पाहता भर. माझ्याकडून फिल्म दुमडली. त्यांनी हात घातले, मान दुसरीकडे केली आणि बोलता बोलता भरली.

मग त्यांनी आपलं सांगितलं. वाशीमच्या फोटो स्टुडिओत काम शिकले. तिथून कुवेत, टीव्हीच्या बातम्यांचा कॅमेरा. लढाई लागली तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले आणि एका ओळखीच्या मागे कॅनडाला पोचले. तिथे कुणाला संघपाल म्हणता येईना, म्हणून पॉल झाले. पॉलला आधी बर्फ लोटायचं काम मिळालं, मग केबल ओढायचं, मग ही थैली. "लय वर्सं माये हात इच्यातच होते. लोकं कॅमेऱ्यातून पाहत, मी अंधारात भरत जाओ. डोयाचं काम मले फार मंग भेटलं." पहिली फिल्म स्वतः चित्रित केली तेव्हा केस पांढरे होऊ लागले होते. तिथे त्यांचं नाव एका गोष्टीसाठी झालं. ते टेप लावू देत नसत. नुसत्या नजरेनं अंतर सांगत आणि ते बरोबर निघत असे.

आजीचं विचारायचं धाडस मी केलं नाही. त्यांनीच सांगितलं. तेव्हा कॅनडात राहायचे कागद मिळाले नव्हते. एकदा बाहेर पडले असते तर आत घेतलं नसतं. "हे लिलाअक्काले कोन सांगन? कागद म्हनजे काय, तिले वाट्टे बहाना."

आत्या चुलीपाशी होती. तिला ऐकू येत होतं.

धनसिंगदादा आमचे ड्रायव्हर. ते आणि वीरेंद्र सर रिसोडच्या लॉजवर राहतात, सकाळी बोलेरोनं येतात. आज दादा म्हणाले, "सकाळी मी गुपचाप उभा होतो तं तुमचे मोठे बाबा मले वीरेंद्र सायब म्हनले. मी म्हनलं, पगारही सायबाचा द्या मंग." सगळे हसले. म्हणजे दादा आणि मी. मोठे बाबा हसले नाहीत.

८ फेब्रुवारी

लिहायला हात उचलत नाही.

आज खळ्यावर तूर काढण्याचा शॉट होता. सूर्य कलताना, भुसा उडत असताना. शेताचे मालक एकच दिवस थांबायला तयार होते. कस्तुराबाई म्हणून एक मजूरबाई ढिगासमोर उभी राहून तूर उधळणार होती. मी लोखंडी टेपनं मोजलं. दहा फूट. पाठ करून ठेवलं.

मोठ्या बाबांनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि म्हणाले, "बारा."

मला वाटलं चुकून ऐकलं. विचारलं, बारा का? ते म्हणाले, "बारा म्हनलं ना."

हातात टेप होती. तोंडात दहा होतं. वीरेंद्र सर बघत होते, मजूर बघत होते. मला वाटलं ही सुद्धा परीक्षा असेल, पण कशाची ते कळेना. मोजमापाची की ऐकण्याची? मी चकती बारावर नेली.

संध्याकाळी आत्याच्या ओसरीत मोठी स्क्रीन लावली. मागचा तुरीचा ढीग दाण्यादाण्यानं दिसत होता आणि कस्तुराबाई पाण्यातून बघितल्यासारखी. सगळेच्या सगळे शॉट.

वीरेंद्र सरांनी मला विचारलं, "मोजलं नव्हतंस का?"

मी टेप गुंडाळत राहिले. मोजलं होतं म्हणाले असते तर मोठ्या बाबांचं नाव आलं असतं. नव्हतं म्हणाले असते तर खोटं झालं असतं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठे बाबा स्वतःच म्हणाले की चूक त्यांची, आकडा त्यांनी दिला होता. सगळ्यांसमोर म्हणाले. मला लाज वाटली. एवढा मोठा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला. नाही, खोटं नव्हे, बारा त्यांनीच सांगितलं होतं. पण ते मुद्दाम चुकीचं सांगतील कशाला? माझीच ऐकण्यात किंवा समजण्यात चूक असणार.

वीरेंद्र सरांनी मुंबईला फोन लावला आणि परत येऊन सांगितलं. आणखी एक दिवस असा गेला तर तिथून दुसरा कॅमेरामन येईल. मोठ्या बाबांनी मग शेजारी खुर्चीवर बसून सूचना द्यायच्या, कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. मोठे बाबा ऐकून घेत होते. हात मांडीवर, बोटं चकती फिरवल्यासारखी हलत होती.

बाबांना फोन केला. म्हटलं, मोजलेलं एक आणि मोठ्यांनी सांगितलेलं दुसरं असेल तर काय करायचं? मागचं शिलाई मशीन थांबलं. मग म्हणाले, "पोरी, माया गिऱ्हाइकात मोठा भाऊ नव्हता कधी." आणि विचारलं, "त्याची तब्येत बरी हाय ना? आमच्या मायची आखरीले..." मग कुणी गिऱ्हाईक आलं.

मी काम सोडावं म्हणजे त्यांचा कॅमेरा वाचेल, असं आज दिवसभर वाटतं आहे.

११ फेब्रुवारी, रविवार

सोडून जाता येणार नाही. आत्या तयार झाली.

सकाळी भाकरी थापताना म्हणाली, "सांग त्याले, बसीन मी त्याच्या मशीनसमोर. एकडाव. दुसऱ्या डाव बस म्हनन तं उठून जाईन. सांगाचं ते एकाच डाव सांगता येते मले." मोठे बाबा ओसरीत होते. मी निरोप सांगायला गेले तर ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. म्हणाले, "आयकलं मी."

परवा सकाळी, अंगणात. सगळी फिल्म या एका बसण्यासाठी आहे, हे मला आज समजलं.

संध्याकाळी ते म्हणाले, ओढ्याकडे जाऊ, पुढच्या एका शॉटची जागा बघू. दिवस मावळत होता. त्यांनी माझं कोपर धरलं आणि सोडलं नाही. सपाट रस्त्यावरसुद्धा. मी घाईत कुठे तरी धडपडेन असं त्यांना वाटत असावं. जाताना मी बडबडत होते, इथे दगड आहे, इथे शेण आहे. तेवढ्यावर ते पहिल्यांदा म्हणाले, "चांगलं सांगतं तू." मी त्यावर विश्वास ठेवलेला नाही.

१२ फेब्रुवारी

उद्या.

बाज जिथे ठेवायची तिथे खडूनं खुणा केल्या. आत्याची तालीम होणार नाही म्हणून मीच तिच्या जागी बसले, उठले, चालले. माझी पावलं तिच्यापेक्षा मोठी आहेत. मग आठवडाभर ती चुलीपासून रांजणापर्यंत कशी चालते ते आठवून तसं चालले. उजवा गुडघा आधी, मग कमरेवर हात. धनसिंगदादा म्हणाले, "लग्नाआधीच म्हातारी झाली का वं?"

जेवताना मोठ्या बाबांनी पाण्याचा तांब्या पेल्याच्या बाजूला ओतला. पाणी ताटात गेलं. आत्यानं बघितलं. तिनं मला निरोप दिला नाही. उठून दुसरं ताट वाढलं.

त्यांनाही उद्याची भीती वाटते. हे बघून मला धीर यायला हवा होता. उलट झालं.

१३ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहिते, क्रमानं.

आत्या निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून बाजेवर बसली. पायाशी पाण्याचा गुंड ठेवला, तिला तो हवा होता. धनसिंगदादा रस्त्यावर मोटरसायकली थांबवायला गेले. वीरेंद्र सर कानाला हेडफोन लावून भिंतीपाशी. मी दोन्ही टेपनी मोजलं. साडेसात.

मोठे बाबा म्हणाले, "नऊ."

मी तोंडानं हो म्हटलं आणि हातानं साडेसातवर ठेवलं. जन्मात पहिल्यांदा.

आत्यानं पदर सारखा केला. मग थेट त्यांच्याशी बोलली, माझ्याकडे न बघता. म्हणाली, माय बाजेवर होती तेव्हा तिची नजर गेली होती. रोज विचारे, संघपाल आला का. "शेवटच्या दिवशी मी पुंजाजीचा हात तिच्या हातात देला. म्हनलं, आला व माय, संघपाल आला. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. तिनं वळखलं. तरी संघपालच म्हनली. मायं मन राखलं तिनं."

पुंजाजी म्हणजे माझे बाबा. हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

मोठे बाबा कॅमेऱ्यामागून हलले नाहीत.

"इकडं पाह्य," आत्या म्हणाली.

"पाहूनच राह्यलो, अक्का."

"मशीनीतून नोको पाहू. इकडं ये."

"अक्का, शॉट चालू हाय."

"चालू दे. ये म्हनते ना."

ते कॅमेरा सोडून निघाले. फ्रेममध्ये त्यांची पाठ आली. ते सरळ चालत गेले आणि त्यांचा पाय गुंडाला लागला. गुंड त्यांच्या समोरच होता, पितळेचा, उन्हात चकाकत होता. पाणी सगळ्या अंगणात पसरलं. ते उभे राहिले, हात पुढे केलेले, आणि आत्याकडे बघू लागले. म्हणजे आत्याच्या कानाकडे.

आत्या उठली. उजवा गुडघा आधी, मग कमरेवर हात. मी चकती सोबत नेली. मला कुणी आकडा सांगत नव्हतं, टेप खाली पडली होती. एक पाऊल, अर्धं पाऊल. तिनं मान डावीकडे केली. त्यांची नजर जिथे होती तिथेच राहिली. तिनं त्यांची हनुवटी धरली.

"माय अशीच पाहे," ती म्हणाली. "कवापासून रे?"

"दोन सालं झाली. बाजूबाजूचं दिसते. मधातलं गेलं."

"आन् कोनाले नाही सांगितलं."

"सांगितलं असतं तं मले इथं येऊ देलं असतं का त्यांनी? तुले पाहासाठीच आलो. उशीर झाला, अक्का."

तिनं त्यांचा हात घेतला आणि आपल्या तोंडावर ठेवला.

मी फोकस धरून ठेवला. किती वेळ ते माहीत नाही. थांबा म्हणायचं काम मोठ्या बाबांचं होतं आणि ते म्हणत नव्हते. शेवटी कार्ड भरलं आणि कॅमेरा आपोआप बंद झाला.

१४ फेब्रुवारी, बुधवार

सगळं मागचं वाचून काढलं. कान, कोपर, चारही कडा, बारा फूट. मी परीक्षा समजत होते. "त्यांना मी आवडलेली नाही" हे वाक्य खोडणार होते, पण खोडलं नाही. तेव्हा मला तसं वाटलं होतं, हे खरं आहे.

आजीची नजर गेली, त्यांची जाते आहे. सकाळी एक डोळा झाकून बाबांच्या टेपवरचे आकडे वाचले, मग दुसरा झाकून. दिसले. उद्या परत वाचणार.

वीरेंद्र सरांच्या कानाला हेडफोन होते. त्यांनी शब्द न् शब्द ऐकला आहे. काल रात्रीपासून मी त्यांच्या फोनकडे बघते आहे. आज त्यांनी मुंबईला शॉट पाठवला, पण नुसतं चित्र. आवाज वेगळा रेकॉर्ड होतो, तो पाठवला नाही. म्हणाले, आवाजात वारा भरलाय, साफ करावा लागेल, वेळ लागेल. काल वारा नव्हता. झाडाचं पान हललं नव्हतं. मी विचारलं, सर, मुंबईला काय सांगणार? ते म्हणाले, "मला आवाजातलं कळतं. चित्राचं तुमचं तुम्ही बघा." आणि निघून गेले. ते आवाज कशासाठी राखून ठेवताहेत कळत नाही. मला फार भीती वाटते.

दुपारी मोठ्या बाबांनी स्क्रीनपुढे बसून तो शॉट लावायला सांगितला. मी लावला. त्यांनी मान तिरकी केली, मग सरळ केली, मग डोळे मिटले. म्हणाले, "सांग."

मी सांगितलं. आत्याच्या कपाळावरचं गोंदण, त्याचा एक ठिपका सुरकुतीत गेलाय. डावा डोळा उजव्यापेक्षा लहान होतो आहे. तुम्ही जवळ आलात तेव्हा ओठ घट्ट मिटले, मग खालचा सुटला. तुमचं बोट तिच्या गालाच्या हाडावर आहे. मोठे बाबा, ती रागावलेली नाही.

"हे दिसते का तुले, का वाट्टे?"

मी शॉट मागे घेतला, परत बघितला. मग म्हटलं, दिसतं.

"फोकस?"

"पापणीचे केस मोजता येतात."

आत चुलीपाशी आत्या म्हणाली, "संघपाल, भाकर खातं का पोळी?" मध्ये मी नव्हते.

१६ फेब्रुवारी

मुंबईहून निरोप आला, काम चालू ठेवा. त्यांनी आवाज मागितलेला नाही. अजून तरी.

आज सकाळी चुलीचा शॉट. आत्या भाकरी थापणार, धूर वर जाणार. मोठे बाबा सवयीनं म्हणाले, "नऊ."

वीरेंद्र सर होते, धनसिंगदादा दारात होते.

मी म्हटलं, "नाही, मोठे बाबा."

त्यांनी मान वळवली.

"सात आहे."

"मोजलं?"

"बाबांच्या टेपनं."

"पोट्टी म्हनते तं आयक ना," आत्या परातीवरून म्हणाली.

त्यांच्या तोंडावर काय होतं ते धुरात मला नीट दिसलं नाही, म्हणून लिहीत नाही. ते म्हणाले, "पुंजाजीच्या टेपनं मोजलं तं सातच असन. ठेव सात." मग कॅमेऱ्याला डोळा लावला आणि नेहमीचं विचारलं, काय दिसून राह्यलं तुले. मी चारही कडा सांगितल्या. आता ही परीक्षा नाही हे मला माहीत आहे. तरी परीक्षेपेक्षा जास्त भीती वाटली. आता मी चुकले तर त्यांना कळणारसुद्धा नाही.

मी टेप पुन्हा उलगडली आणि परत मोजलं.